शाळेचा गणवेश : खर्च किती, मोल किती



बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर आपल्या पत्रिकेत नेहमी लिहून येते. या खेपेला विषय घरातला घेतला आहे. जून लागला की शाळा उघडते आणि त्याच पंधरवड्यात पेरणीही येऊन ठेपते. एका हाताने सोयाबीनचे बी आणि खताच्या गोण्या आणायच्या, दुसऱ्या हाताने वह्या, दप्तर आणि गणवेश. उसाचं बिल नियमाप्रमाणे ऊस तुटल्यावर 14 दिवसांत यायचं. ते आलं की सोसायटीची वसुली त्यातूनच होते, आणि 31 मार्चच्या आत उरलंसुरलंही वळतं होतं. त्यामुळे जूनमध्ये ज्याच्या रानात ऊस उभा आहे त्याचाही खिसा मोकळाच असतो. गणवेश फार महाग म्हणून जड जातो असं नाही. तो चुकीच्या महिन्यात येतो म्हणून जड जातो. हा मुद्दा मनात धरून पुढचा हिशेब वाचावा.

आकडे उदाहरणादाखल धरतो. प्रत्येकाने आपापल्या पावत्या काढून ते बदलून घ्यावेत. समजा एका मुलाचे दोन जोड, बूट आणि मोजे मिळून 2,000 रुपये पडले. घरात दोन मुलं, म्हणजे 4,000. सन 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यास टनाला 3,550 रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला 2,600 रुपये उरले असं धरलं, तर हा खर्च दीड टन उसाचा झाला. एकरी 40 टन काढणाऱ्याला तो एकरातल्या पिकाचा पंचविसावा हिस्साही नाही. आपल्यापैकी बहुतेक घरांना तो झेपतो, जड जातो तो महिना.

आता तोच हिशेब दुसऱ्या घराचा करू. आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून आणि शेजारच्या बीडमधून जे कोयते आपल्या फडात येतात, त्यांच्या तोडणीच्या दरात जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. त्या दराने 4,000 रुपये म्हणजे अकरा टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरणं. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर साडेपाच दिवसांची पहाट ते रात्र. आणि ही मजुरी बहुतेक वेळा उचलीत आधीच फिटलेली असते. आमच्या दीड टनाला त्यांचे अकरा टन. एकाच चिमणीखालचा हा हिशेब आहे, म्हणून मांडला.

एवढा खर्च करून पदरात काय पडतं, हेही पाहू. गणवेशाने शिस्त लागते, एकी वाढते, असं भाषणात नेहमी सांगतात. ते मोजायचं कसं हे मात्र कोणी सांगत नाही. मोजता येते ती हजेरी. आफ्रिकेतल्या केनिया देशात अभ्यासकांनी ती मोजली. तिथे एका संस्थेने गरीब मुलांत चिठ्ठ्या टाकून काहींना गणवेश फुकट दिले आणि बाकीच्यांशी त्यांची तुलना केली. ज्यांना गणवेश मिळाला त्यांचे खाडे ठळकपणे कमी झाले. ज्यांच्याकडे आधी अजिबात गणवेश नव्हता त्यांचे सर्वांत जास्त. पण आठ वर्षांनी त्याच मुलांचा पुन्हा माग काढला, तेव्हा किती इयत्ता शिकले यात फरक राहिलेला दिसला नाही. म्हणजे गणवेश मूल शाळेच्या दारात आणतो. पुढचं काम मास्तरांचं आणि घरच्यांचं.

त्याच देशातला दुसरा अभ्यास 328 शाळांचा होता आणि तो 2015 साली प्रसिद्ध झाला. अभ्यासकांपैकी एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सहावीपासून मुलामुलींना गणवेश फुकट दिले, तर मुलींची गळती कमी झाली आणि त्याबरोबर कोवळ्या वयातली लग्नं आणि बाळंतपणंही कमी झाली. आपल्या भागात सातवी-आठवीनंतर कोणत्या मुली घरी बसतात, आणि घरी बसल्या की वर्ष-दीड वर्षात काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. दोन जोड कपड्यांनी लग्न थांबतं असं आम्ही म्हणणार नाही. पण "या वर्षी राहू दे" असं म्हणायला घरात एक निमित्त कमी होतं. तेवढं कमी झालं तरी पुष्कळ.

हजेरीचा संबंध एका साध्या गोष्टीशी आहे, ती बायांना ठाऊक असते, पुरुषांना सहसा नसते. जोड एकच असेल तर तो रोज संध्याकाळी धुवावा लागतो. पावसाळ्यात वाळत नाही, चुलीवर धरला तर धुराचा वास येतो, ओला घालून पाठवला तर पोर खोकतं. मग चिखलाचा डाग पडलेल्या दिवसानंतरचा दिवस खाडा. दुसरा जोड हा चैनीचा नव्हे, तो हजेरीचा जोड आहे. घरात पैसे कमी असतील तर बूट-टाय मागे ठेवावेत, पण दुसरा जोड आधी घ्यावा.

आता एकसारखेपणाबद्दल. गरीब-श्रीमंत भेद झाकण्यासाठी गणवेश आला असं आपण समजतो. इतिहास जरा वेगळा आहे. लंडनमध्ये 1552 साली अनाथ-गरीब मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली. तिथल्या मुलांना लांब निळे डगले दिले. हा दानधर्मावर वाढणारा पोरगा आहे, हे त्या निळ्या डगल्यावरून ओळखू यायचं. मोठ्यांच्या शाळांत गणवेशाची ऐट नंतर शिरली. तेव्हा एकसारखे कपडे भेद झाकतातही आणि दाखवतातही. सगळ्यांना मिळाले तर झाकतात, काहींनाच मिळाले तर दाखवतात.

हे आपण घरच्या अंगणात पाहिलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांना मोफत गणवेश मिळत असे. बाकीच्या मुलांना नाही. हेतू चांगलाच होता. पण एका बाकावर दोन पोरं, एकाला नवा सदरा शाळेकडून, दुसऱ्याला बापाकडून जमेल तेव्हा. ज्याला मिळाला त्याला "तुला का मिळाला?" आणि ज्याला नाही मिळाला त्याला "मला का नाही?" सहा वर्षांच्या पोराला जात समजावून सांगायची वेळ मास्तरांवर यायची. दोन एकर जिरायतीवाला शेतकरीही दारिद्र्यरेषेच्या यादीत नसला की बाहेरच. राज्य सरकारने 2023-24 पासून उरलेल्या मुलांनाही गणवेश आणि बूट-मोजे देण्याचा निर्णय केला. गणवेशाच्या बाबतीत इतक्या वर्षांत झालेला हा सर्वांत शहाणा निर्णय, असं आमचं मत आहे.

पैसे आणि कापड पोचवायचं कसं, यावर मात्र बरेच प्रयोग झाले. आधी दोन जोडांना 400 रुपये होते. सन 2017 मध्ये हे पैसे विद्यार्थी आणि आई यांच्या जोड-खात्यात टाकायचं ठरलं. कागदावर चोख, पण खातं उघडायचा खटाटोप, तालुक्याच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, कुठे कुठे खात्यात ठेवायची शिल्लकच चारशेच्या वर. नाकापेक्षा मोती जड. ती रीत मागे पडली आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. समग्र शिक्षा योजना 2018 मध्ये आल्यावर रक्कम दोन जोडांना 600 झाली. जोडाला 300, कापड आणि शिलाई धरून. त्यानंतर सुताचे, शिलाईचे भाव किती चढले ते प्रत्येक घराला माहीत आहे. 300 मात्र 300 च राहिले.

पुढे 'एक राज्य, एक गणवेश' आलं. सन 2024-25 साठी आकाशी सदरा आणि गडद निळी विजार सगळ्या राज्याला एकच; दुसरा जोड स्काऊट-गाइडचा. कापड एका ठिकाणी खरेदी, एका ठिकाणी कापणी, आणि शिलाई बचत गटांच्या बायांकडे. स्काऊटच्या जोडाच्या शिलाईला 100 रुपये आणि इतर खर्चाला 10. दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या, असा सदरा आणि खाली विजार, हे शंभरात कोण शिवणार? चाळीस लाखांहून जास्त मुलांचं माप एका खोलीतून घेतलं, तर जे व्हायचं तेच झालं. पावसाळा सरत आला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. आले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ, कुणाची शिवण पहिल्या धुण्यात उसवलेली. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ही पद्धत मागे घेतली आणि 2025-26 पासून खरेदीचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

उशिराने कुणाचं अडलं? बागायती गावातल्या मुलाला दिवाळीत गणवेश मिळाला तर त्याने उरलेलं वर्ष तो घातला. पाथर्डीकडच्या ज्या मुलाचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर गाडीत बसून आपल्याकडे येतात, त्याच्या हाती तो पडलाच असेल तर कोपीवर आला, आणि शाळेऐवजी फडातल्या काट्याकुट्यात फाटला.

या समितीबद्दल आता स्पष्ट बोलू, कारण अधिकार परत आला म्हणजे जबाबदारीही आली. सन 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे ती समिती आपणच आहोत. आपल्यातले कितीजण बैठकीला जातात? कारखान्याच्या वार्षिक सभेला उताऱ्याच्या दशांशावरून भांडणारे आपण, शाळेच्या समितीत मुख्याध्यापकांनी पुढे केलेल्या कागदावर उभ्या उभ्या सही करून येतो. मग कापड कुठलं, शिलाई कोणाची, हे ठरवायला कोणीच नसतं, आणि पुरवठादार स्वतःहून दारात येतो.

समितीत बसणाऱ्याला कापडाचं थोडं ज्ञान हवं. फार नको, बेण्याचा डोळा ओळखतो तेवढं पुरे.

कापडाच्या कडेचा एक धागा काढून काडीवर धरा. कागदासारखा जळून मऊ राख राहिली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही थोडं थोडं झालं तर मिश्रण. शुद्ध सुती कापड उन्हाळ्यात अंगाला बरं, पण लवकर विरतं, रंग सोडतं आणि आटतं. निव्वळ पॉलिएस्टर झटकन वाळतं, इस्त्री लागत नाही, पण घामाने अंगाला चिकटतं, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला डसतं. घरात चूल असेल तर लहान मुलीच्या अंगावर ते आम्हाला नको वाटतं. शाळेला मिश्र कापडच सोयीचं. त्यात सुताचा वाटा बरा असावा. नमुना हाती आला की वीतभर तुकडा कापून घरी तीन वेळा धुवावा, अर्धा उन्हात वाळवावा, अर्धा तसाच ठेवावा, आणि मग दोन्ही शेजारी धरून पाहावेत. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा तो तुकडा खरं सांगतो.

रंगाचं म्हणाल, तर पांढरा सदरा आणि खाकी चड्डी ही आपली जुनी जोडी. खाकीला काळ्या रानाचा चिखल पचतो. पांढऱ्याला पचत नाही. त्यातून प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालच्या ज्या गावांत विहिरीचं पाणी खारवटलं आहे तिथे तो वर्षभरात पिवळा पडतो, कितीही नीळ घाला. समितीला रंग निवडायची मुभा असेल तिथे निवडताना धुणाऱ्या बाईला विचारावं.

सगळ्यांत जास्त पैसा मात्र शिवणीत वाचतो. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. शब्द चांगला आहे. विजारीच्या पायाला दोन-अडीच इंच दुमड आणि बगलेला व कंबरेला इंचभर माया ठेवली, तर तोच जोड दुसऱ्या वर्षी उसवून सैल करता येतो. बाजारातल्या तयार मालात माया नसते, कारण कारखानदार तेवढ्या कापडात आणखी सदरे काढतो. म्हणून तयार जोड दिसायला स्वस्त आणि वर्षाच्या हिशेबाने महाग. कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावं, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. बटणं दोन जादा मागून आतल्या बाजूला शिवून घ्यावीत. आणि मुलींच्या कमीजला खिसा सांगून करून घ्यावा. तो आपोआप कोणी करत नाही, आणि मुलीलाही पेन्सिल, रुमाल, बसचे सुटे पैसे ठेवायला जागा लागते.

जे सभासद मुलांना तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात, त्यांची कथा न्यारी. तिथे सोम ते शुक्र एक, शनिवारी पांढरा, खेळाचा रंगीत बनियन, टाय, पट्टा, दोन तऱ्हेचे बूट, आणि हे सगळं एकाच दुकानातून. तो दुकानदार आणि शाळा यांचं नातं काय ते विचारायची सोय नाही. वास्तविक ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करू नये, असा शासनाचा निर्णय जून 2004 पासून आहे. एकटा पालक हे बोलायला गेला की पोराचं नाव डोळ्यावर येतं, म्हणून गप्प बसतो. दहा-पंधरा पालकांनी एका कागदावर सह्या करून रंग आणि कापडाची जात लेखी मागावी, आणि शाळेचं चिन्ह फक्त बिल्ल्याच्या रूपात वेगळं विकत मागावं. बिल्ला कोणत्याही सदऱ्यावर शिवता येतो. इंग्लंडमध्ये 2021 साली यासाठी कायदाच झाला. तिथल्या शाळांना आता चिन्हाच्या वस्तू कमीत कमी ठेवाव्या लागतात आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळण्याची सोय पाहावी लागते. ज्यांची टाय-कोटाची नक्कल आपण करतो, त्यांनीच खर्च आवरायला घेतला आहे.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 साली लोणीचा कारखाना उभा केला, तेव्हा त्यामागची गोष्ट साधीच होती. एकेकटा शेतकरी बाजारात गेला की व्यापारी भाव सांगतो, सगळे मिळून गेले की आपण सांगतो. विकताना आपण हे शिकलो. घेताना मात्र अजून एकेकटे जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या कापडबाजारात जी झुंबड उडते ती आपलीच असते, आणि त्या आठवड्यात कोण भाव कमी करेल?

म्हणून आमची सूचना अशी. गटातल्या गावांच्या शाळा समित्यांनी रंग आणि कापड मार्चमध्येच ठरवावं. मागणी एकत्र करून कारखान्याच्या ग्राहक भांडाराने एप्रिलमध्ये ताकेच्या ताके घाऊक आणावेत. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव काही परदेशात नाहीत. शिलाई गावातल्या शिंप्याला आणि बचत गटाला वाटून द्यावी, आणि शिलाईचा दर असा ठेवावा की शिवणाऱ्याने माया चोरू नये. शासनाच्या तीनशेत न बसणारा फरक ज्या घराला शक्य आहे त्याने द्यावा. सभासदाची संमती लेखी घेऊन तो उसाच्या बिलातून फेब्रुवारी-मार्चमध्येच बाजूला काढता येईल, म्हणजे जूनचा भार हंगामात फिटेल. मात्र ही कपात संमतीनेच व्हावी. टनामागे परस्पर काढलेल्या पैशांबद्दल सभासदांची मनं आधीच फार मोकळी नाहीत, हे आम्ही जाणतो. ठराव येत्या वार्षिक सभेत कोणीतरी मांडावा लागेल, आणि त्याआधी तो लेखी द्यावा लागेल.

मापं परीक्षेच्या शेवटच्या दिवशी शाळेतच घ्यावीत. त्यानंतर पोरं मामाच्या गावाला जातात ती जूनलाच उगवतात. त्याच दिवशी आखूड झालेले जुने जोडही गोळा करावेत.

ताका फोडला की शेवटी तुकडे उरतात. त्यातून 26, 28 आणि 30 छातीचे काही सदरे आणि त्यांना बेतशीर विजारी शिवून घ्याव्यात आणि भांडारात ठेवाव्यात. नोव्हेंबरात कोप्या पडल्या की तिथली मुलं जवळच्या शाळेत यायला हवीत. कायद्याने वर्षाच्या मध्यावरही त्यांना प्रवेश नाकारता येत नाही, आणि गणवेश नाही म्हणून कोणत्याच मुलाला वर्गाबाहेर उभं करता येत नाही. पण त्यांच्या नावाचा गणवेश पाथर्डी-आष्टीच्या शाळेच्या यादीत असतो, इथे नसतो, आणि रंगीत फ्रॉक घालून आलेली पोर चौथ्या दिवशी आपणच येईनाशी होते. मुकादमाकडे टोळीतल्या मुलांची नावं आणि वयं असतात. गाळप सुरू व्हायच्या आठवड्यात शेती खात्याच्या माणसाने ती यादी भांडारात आणून द्यावी.